टॅपसेलसरांचा ऑर्गन खाली उतरतो

इंग्लंडच्या संगीताचा इतिहास जेव्हा कधी प्रामाणिकपणे लिहिला जाईल, तेव्हा त्यात 'बिशप्स अंब्रेला' या बँडला एक स्वतंत्र प्रकरण द्यावंच लागेल, याबद्दल टॅपसेलसरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. इतरांच्याही मनात शंका नव्हती, कारण इतरांनी या बँडचं नावच ऐकलेलं नव्हतं.

बिशप्स अंब्रेला, म्हणजे बिशपची छत्री. हे नाव का ठेवलं, असं कोणी विचारलं की सर गूढ हसत. खरं म्हणजे त्यांनाही आठवत नव्हतं. एकाहत्तर साल होतं. त्या काळी दाढी राखणाऱ्या प्रत्येक इंग्रज तरुणाला असा साक्षात्कार झाला होता की तीन मिनिटांचं गाणं ही बालबुद्धीची गोष्ट आहे, आणि ज्याला काही सांगायचं आहे त्याने किमान वीस मिनिटं घ्यावीत. बिशपच्या छत्रीखाली तिघं होते. सर विजेच्या ऑर्गनवर, नेव्हिल हॉगबेन खर्जाच्या बेसवर आणि तिसरा कोणीतरी ड्रमवर. गिटार नव्हती. गिटारीमुळे विचारात व्यत्यय येतो, असं सरांचं मत होतं. त्यांची 'भरती' नावाची एकच तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला सात भागांची एकच रचना होती, आणि तिच्यात समुद्र, चंद्र व एक बगळा यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेतला होता. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे पिंपच उपडं केलेलं होतं. बगळा यायलाच अकरा मिनिटं लागत. 'भरती'च्या ज्या काही प्रती खपल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सरांच्या आईने घेतल्या.

त्यानंतर सरांनी केंटमधल्या मार्डनहर्स्ट गावात आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. ऑर्गन घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत होता. त्याच्यावर सरांच्या पत्नी रोझलिंडबाईंनी विणलेलं झालरीचं पांघरूण होतं, आणि पांघरुणावर जिरेनियमच्या अकरा कुंड्या होत्या. थंडीत जिरेनियमला त्या खोलीतलं ऊन मानवत असे. सर अधूनमधून चार कुंड्या सरकवून बगळ्याचा प्रवेश वाजवून बघत. अलीकडे तेही कमी झालं होतं. डाव्या हाताची दोन बोटं आखडायला लागली होती.

सरांची बोटं हा त्या घरातला एक स्वतंत्र विषय होता. ऑर्गन वाजवणाऱ्याने बोटं जपायची असतात. म्हणून सरांनी तरुणपणापासून काही उचललं नव्हतं. बँडच्या काळात ऑर्गन व्हॅनमध्ये चढवण्याची वेळ आली की सर रस्त्याच्या कडेला उभे राहून, हातमोजे घालून, आकाशाकडे बघत. लग्नानंतर कोळशाच्या बादल्या रोझलिंडबाई उचलत. मुरंब्याच्या बाटल्यांची झाकणंही त्याच काढत. डॉक्टरांनी मध्यंतरी बोटं तपासून, "वापर नाही म्हणून आखडलीत," असं निदान केलं, तेव्हा सरांनी डॉक्टर बदलला.

आणि मग जूनमध्ये नॉर्वेहून ओडवारची ईमेल आली.

ओडवार हा बर्गेनचा मनुष्य. जुन्या, दुर्मीळ, ऑर्गनप्रधान इंग्रजी तबकड्यांचा संग्राहक. त्याने लिहिलं होतं की त्याच्या वर्तुळात 'भरती'ला फार मान आहे. आपल्याकडे तिच्या तीन प्रती आहेत. जुलैत आपण केंटमध्ये येत आहोत, तर निर्मात्याचं दर्शन घडेल काय, आणि तो मूळ ऑर्गन कानी पडेल काय?

सरांनी न्याहारीला ही ईमेल मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा रोझलिंडबाई म्हणाल्या, "ऑब्री, अंडं गार होतंय."

"रॉझ, तीन प्रती आहेत त्याच्याकडे! तीन!"

"आपल्याकडे माळ्यावर चाळीस आहेत. त्याला सांग येताना मोठी पिशवी आण."

पण सरांचं लक्ष नव्हतं. पन्नास वर्षं ते जिथे जात तिथे 'भरती'चा विषय काढत, आणि पन्नास वर्षं लोक घड्याळाकडे बघत. बगळ्यापर्यंत ऐकून घेतलेला एकही माणूस त्यांना अजून भेटलेला नव्हता. रोझलिंडबाईसुद्धा चंद्रापर्यंतच गेल्या होत्या. आता समुद्र ओलांडून एक माणूस खास ऐकायला येत होता, आणि बोटं अजून एखादा उन्हाळा चालतील अशी होती. सरांनी टोस्ट खाली ठेवला आणि जाहीर केलं, "गावच्या उन्हाळी जत्रेत मी 'भरती' वाजवणार. सबंध."

"ऑर्गन वर आहे," रोझलिंडबाई म्हणाल्या.

"खाली आणू."

हे दोन शब्द उच्चारायला सरांना एक क्षण लागला. पुढचं सगळं या दोन शब्दांमुळे झालं.

सामान हलवणारे दोघे भाऊ आले. थोरल्याने ऑर्गनकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि दातांच्या फटीतून हवा आत ओढली. इंग्लंडात कारागिराने अशी हवा ओढली की घरमालकाने मिळेल त्या खुर्चीत बसून घ्यावं.

"वर गेला कसा हा?" त्याने विचारलं.

"जिन्यानेच," सर म्हणाले. "चौऱ्याहत्तर साली. माझ्या मित्रांनी चढवला. मी खाली चहा करत होतो."

"जिना हाच होता?"

जिना हा नव्हता. शहाऐंशी साली रोझलिंडबाईंनी जिन्याखाली संडास करून घेतला होता, त्यासाठी जिना वळवावा लागला होता. सरांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत समुद्र, चंद्र आणि बगळा असे तिन्ही होते.

"माझ्याकडे असा बघू नकोस," रोझलिंडबाई म्हणाल्या. "त्या संडासाचा तू रोज लाभ घेतोस. ऑर्गनचा नाही."

भावांनी आणखी एकदा हवा ओढली आणि चहा पिऊन ते निघून गेले.

ही बातमी कुंपणापलीकडे पोचायला वेळ लागला नाही, कारण कुंपणापलीकडे कॉलिन ब्रेझियर कात्री घेऊन उभाच होता. कॉलिन विमा कंपनीतून निवृत्त झाला होता आणि उरलेलं आयुष्य त्याने सल्ल्याला वाहिलं होतं. त्याचं कुंपण केंटमधलं सर्वांत नीट कापलेलं कुंपण होतं, कारण कानोसा घेताना हातांना काहीतरी काम लागतं.

"मी तुझ्या जागी असतो ना ऑब्री," तो म्हणाला, "तर खिडकी काढली असती. खिडकी काढायची, ऑर्गन बाहेर, खिडकी परत. दुपारच्या आत. माझ्या मेहुण्याने असाच पियानो काढला होता."

"मग? निघाला व्यवस्थित?"

"पियानो निघाला. खिडकी परत बसली नाही. पण तुझी बसेल."

आता सरांचं घर तीनशे वर्षांचं जुनं, म्हणजे वारसावास्तूंच्या सरकारी यादीतलं. यादीतल्या घराच्या मालकाला फक्त छपराची गळती आपली म्हणता येते. बाकीचं घर राष्ट्राचं असतं. तेव्हा जिल्हा कचेरीतून वारसा अधिकारी मिस ग्रिंस्टेड आल्या. मिस ग्रिंस्टेड म्हणजे सरांचीच जुनी विद्यार्थिनी. नववीत तिने काढलेल्या नदीच्या वळणाला सरांनी शून्य दिलं होतं, कारण नदी चढावर वाहत होती. हे दोघांनाही आठवत होतं आणि दोघंही हवामानाबद्दल बोलत होते.

खिडकी बघताच मिस ग्रिंस्टेड थबकल्या. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं. "सर, ही खिडकी तुम्ही काढणार होता?"

"तात्पुरती."

"अहो, केवढी अस्सल आहे ही! हे वाकडं लाकूड बघा. हे हाताने ठोकलेले खिळे!"

"माझ्या बाबांनी ठोकलेत," रोझलिंडबाई मागून म्हणाल्या. "एकोणऐंशी साली. आमच्या काकांच्या कोंबड्यांच्या खुराड्याची खिडकी आहे ती. खुराडं मोडलं, खिडकी इथे आणली."

मिस ग्रिंस्टेड पुन्हा खिळ्यांवर वाकल्या. मग त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे त्याहून दुर्मीळ! किल्ले सगळेच जपतात हो. खुराड्यांकडे कोण बघतं? या खिडकीला हात लावता येणार नाही."

"मग ऑर्गन?"

त्यांनी खिडकीशेजारच्या भिंतीवर टकटक केलं. "ही भिंत मात्र सिमेंटच्या विटांची दिसतेय. साठ सालातली डागडुजी. हिला काही महत्त्व नाही. ही पाडा. उलट बरंच होईल, घराला शोभत नाही ती."

अशा रीतीने खुराड्याची खिडकी वाचवण्यासाठी घराची भिंत फोडायचं ठरलं. सरांना क्षणभर वाटलं की विचारावं, हे उलटं तर होत नाही ना? पण समोर नदी चढावर वाहवणारी बाई होती, आणि हातात परवानगी होती. त्यांनी ती खिशात घातली.

इकडे सभागृहाचा प्रश्न. मार्डनहर्स्टचं सभागृह महिला मंडळाच्या ताब्यात असतं, आणि महिला मंडळ मिसेस ब्लॅक्सलंड यांच्या ताब्यात. बाईंचा पेहराव साधा, आवाज मऊ, आणि आजवर त्यांच्या मनाविरुद्ध गावात पाऊसदेखील पडलेला नव्हता.

"भोपळ्यांचं बक्षीस आणि सोडत यांच्या मधे तुम्हाला बसवते, सर," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

"तेवीस मिनिटं. अधिक टाळ्या."

"टाळ्या धरायला नकोत. तेवीस मिनिटं एकच गाणं?"

"गाणं नाही, रचना आहे."

"बरं. रचना थोडी आखडती घेता येईल का? मागच्या वर्षी जादूगारानेसुद्धा ससा गाळला होता."

सर ताठ झाले. "मिसेस ब्लॅक्सलंड, सात भाग आहेत. एक काढला तर भरती येईल आणि ओहोटी होणारच नाही. गावाला ते परवडणार नाही."

"तुमची मर्जी. एकच सांगते. चहा चारला. चहाचं विजेचं पिंप पावणेचारला लागतं, आणि पिंप लावलं की सभागृहात दुसरं काही लावायचं नाही. दोन्ही चाललं की फ्यूज जातो. जादूगाराचा अंधार त्यामुळेच झाला. लोक म्हणाले, काय छान जादू! पण चहा पाच वाजता मिळाला. युद्धातसुद्धा मार्डनहर्स्टला चहा पाचला मिळालेला नाही."

राहिला नेव्हिल हॉगबेन. ड्रमवाला शहात्तर साली पोर्तुगालला गेला तो परतला नव्हता. त्याची उणीव कोणाला भासली नव्हती, पण बेसशिवाय भरती येत नाही. नेव्हिल समुद्रकाठच्या व्हिट्स्टेबल गावी होता. आयुष्यभर लोकांचे दात काढून आता सुखाने कालवं खात होता. अडचण एवढीच की सर आणि तो त्र्याहत्तर सालापासून बोलत नव्हते.

झालं होतं असं. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सरांनी ऑर्गनवर एकट्याने वाजवायला सुरुवात केली आणि ते चंद्रात हरवून गेले. नेव्हिलने थोडा वेळ वाट पाहिली. मग बेस भिंतीला टेकवला, रस्ता ओलांडला, मासे आणि बटाटे घेतले, बाकावर बसून निवांत खाल्ले, कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत येऊन बेस गळ्यात अडकवला. सर अजून चंद्रातच होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांना नेव्हिलच्या हनुवटीवर माशांवरचं व्हिनेगर दिसलं. त्या व्हिनेगरने बिशपची छत्री मोडली.

फोन रोझलिंडबाईंनीच केला.

"येतो की," नेव्हिल म्हणाला. "एकट्याने वाजवायचा भाग अजून आहे का गं त्यात?"

"आहे."

"मग तुमच्या सभागृहासमोर काय मिळतं खायला?"

हा प्रश्न रोझलिंडबाईंनी सरांपर्यंत पोचवला नाही.

जत्रेच्या दोन दिवस आधी भिंत फुटली. गवंड्याने सिमेंटच्या विटा काढल्या, धुरळा बसला, आणि आतून ओकचा एक जाडजूड काळा खांब दिसू लागला. कॉलिनने कुंपणावरून ओरडून विचारलं, "खांब आहे का रे तो?" तेवढ्यावर मिस ग्रिंस्टेड हजर झाल्या. त्यांनी खांबाला हात लावला. खांब मूळचा होता. घर बांधणाऱ्यांनी उभा केलेला. आता एका बाजूला खुराड्याची खिडकी, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या बाजूला खांब, त्याला तर नाहीच नाही. मधे जे भोक उरलं ते ऑर्गनपेक्षा वीतभर अरुंद होतं.

"वीतभर तर आहे," कॉलिन म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर तिरका काढला असता."

जत्रेच्या दिवशी सकाळी राल्फ हिंक्स गवताचे भारे उचलायचं यंत्र घेऊन आला. राल्फ मेंढ्या पाळायचा. तोही सरांचाच विद्यार्थी; त्याने जगाच्या नकाशात केंट कुठे आहे हे शेवटपर्यंत शोधलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याचं काहीही अडलं नव्हतं. यंत्राचा लांब हात भोकापर्यंत वर गेला. गवंडी आणि राल्फचा भाऊ यांनी ऑर्गनला दोरखंड बांधले. रोझलिंडबाईंनी कुंड्या उतरवल्या, पण पांघरूण राहू दिलं. ओरखडे पडायला नकोत. सर हातमोजे घालून परसात उभे राहिले.

ऑर्गन सरळ गेला नाही. आडवा गेला नाही. कॉलिनच्या सांगण्यावरून तिरका घातला तेव्हा तो अर्धा बाहेर आला आणि अडकला. आता तो ना आत जाईना, ना बाहेर येईना. झालर वाऱ्यावर फडफडत होती. रस्त्यावर लोक जमले. जत्रेला निघालेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "हा खेळ पण जत्रेतलाच का? याचं तिकीट कुठे मिळतं?"

"सर, ढकलू का जोरात?" राल्फ यंत्रावरून ओरडला.

"खांब!" मिस ग्रिंस्टेड किंचाळल्या.

"ओढू का मग?"

"खिडकी!"

सरांनी हातमोजे नीट केले. ते वर बघत होते. ओडवारची गाडी कँटरबरीला पोचली असेल. तो समुद्र ओलांडून आला होता, आणि ऑर्गन घराच्या तोंडात घास अडकावा तसा अडकला होता. आता त्याला काय दाखवायचं? माळ्यावरच्या चाळीस प्रती? त्या तर त्याच्याकडे तीन होत्याच.

एवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली आणि बेसची पेटी पाठीला लावलेला एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस उतरला. नेव्हिल हॉगबेन. त्याने ऑर्गन पाहिला, यंत्र पाहिलं, भोक पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. पन्नास वर्षांत दोघांतलं पहिलं वाक्य काय असावं याचा सरांनी खूप विचार करून ठेवला होता. पण नेव्हिलच आधी बोलला.

"काय चाललंय हे?"

"ऑर्गन खाली आणतोय," सर म्हणाले.

"अख्खा?"

सरांना प्रश्न कळला नाही. नेव्हिलने एक दीर्घ श्वास सोडला, दात काढण्याआधी सोडत असेल तसा, आणि तो जिना चढून वर गेला. त्याने दोरखंड सैल करायला लावले, ऑर्गन आत ओढवला आणि त्याच्या पाठीमागचं झालरीचं पांघरूण उचललं. पांघरुणाखाली, ऑर्गनच्या बरोबर मध्यावरून, एक सरळ फट गेली होती. फटीच्या दोन्ही बाजूंना ट्रंकेला असतात तशा कड्या होत्या, आणि उचलायला मुठी.

खटक. खटक. खटक. खटक. ऑर्गनचे दोन तुकडे झाले.

खिडकीत, म्हणजे खुराड्याच्या खिडकीत, नेव्हिलचं डोकं दिसलं. "एकाहत्तर सालीच कापलाय हा आम्ही, ऑब्री! करवतीने! व्हॅनमध्ये मावत नव्हता म्हणून! सगळेच बँडवाले कापायचे तेव्हा. मी आणि ड्रमवाला दर रात्री याचे दोन तुकडे करून चढवायचो, आणि दुसऱ्या दिवशी जोडायचो. तुला ठाऊक नाही?"

परसात राल्फने यंत्र बंद केलं.

"मी... तेव्हा माझी बोटं जपावी लागायची," सर म्हणाले.

"हो, ते आठवतंय मला," नेव्हिल म्हणाला. "आकाशाकडे बघायचास."

कॉलिनने कात्री मिटली. "मी हेच म्हणणार होतो," तो म्हणाला.

दोन तुकडे वळलेल्या जिन्यावरून, संडासावरून, पुढच्या दाराने इतक्या लवकर खाली आले की गवंड्याचा चहा अजून गरम होता. रोझलिंडबाई जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात सरांना त्या शांततेइतकं काही लागलं नव्हतं.

सभागृहात पोचले तेव्हा भोपळ्यांचा कार्यक्रम लांबला होता. पहिल्या बक्षिसाच्या भोपळ्याच्या बुडाशी दुकानाचं लेबल सापडलं होतं. परीक्षक म्हणत होते, लेबल हा भोपळ्याचा भाग धरता येत नाही; मालक म्हणत होते, बी दुकानातलं होतं, त्याबरोबर लेबलही उगवलं असेल. हे मिटेपर्यंत साडेतीन झाले. आणि साडेतीनला सरांनी पहिल्या रांगेत बघितलं तर तो होता. उंच, फिकट, मांडीवर चौकोनी सपाट पिशवी, आणि पिशवीवर पांढरे सुती हातमोजे. ओडवार! मोजे बघून सरांना भरून आलं. बोटं जपणारा माणूस!

भरती सुरू झाली.

समुद्र आला. समुद्र येतच राहिला. मागच्या रांगांतून दोघंतिघं केक बघायला उठली. ओडवार मात्र हलला नाही. आखडलेली दोन बोटं पहिल्या लाटांना कुरकुरली आणि मग, कोणी न सांगता, सैल झाली. नेव्हिलचा बेस खाली जमिनीतून यावा तसा येत होता. सरांनी डोळे मिटले. चंद्र उगवला. आणि चंद्राबरोबर ते एकट्याने वाजवायच्या भागात शिरले.

डोळे उघडले तेव्हा नेव्हिलची जागा रिकामी होती. बेस भिंतीला टेकलेला होता.

पन्नास वर्षं! आणि आजही! पहिल्या रांगेत नॉर्वे बसलेला असताना! घड्याळात पावणेचार होत होते. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून चहाच्या पिंपाची चकचकीत पाठ दिसत होती. आता कोणत्याही क्षणी पिंपाचा लाल दिवा लागेल, फ्यूज जाईल, आणि बगळा अंधारात मरेल. सर वाजवत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी लाल दिव्यावर नजर ठेवून वाजवलं. दिवा लागला नाही. चंद्र मावळला. दिवा लागला नाही. नेव्हिल दबक्या पावलांनी परत आला, त्याने बेस गळ्यात अडकवला, आणि बगळा आला.

बगळा आला! पाण्यावरून, पंख पसरून, सगळ्या सात भागांचं सार चोचीत धरून. सरांनी पाहिलं, नेव्हिलच्या हनुवटीवर साय होती.

शेवटचा सूर विरला तेव्हा मागून राल्फने विचारलं, "झालं ना, सर?" आणि टाळ्या पडल्या. त्यांत सुटकेचा भाग मोठा होता, पण टाळीला कारण चिकटवलेलं नसतं.

मिसेस ब्लॅक्सलंड तरातरा स्टेजपाशी आल्या. त्यांचा आवाज नेहमीइतका मऊ नव्हता. "सर, तुमचा हा मित्र! मी पिंप लावायला गेले तर हा बटणाला पाठ लावून उभा! मी म्हटलं, बाजूला व्हा. म्हणतो कसा, बाई, याचा हा भाग मी एकदा बुडवलाय, आज कोणाला बुडवू देणार नाही. आणि वर माझा साईचा केक खात होता! परीक्षणाचा केक!"

सरांनी नेव्हिलकडे बघितलं.

"उभं राहायचंच होतं," नेव्हिल म्हणाला. "समोर केक होता. चांगला होता रे."

सरांना खूप काही बोलायचं होतं. पण ते इंग्रज होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नेव्हिलपुढे धरला. "हनुवटीवर आहे," ते म्हणाले.

मग ओडवार आला. त्याचे डोळे ओले होते. त्याने सुती हातमोजे चढवले, पिशवीतून 'भरती' काढली आणि दोघांपुढे धरली. सरांनी पूर्ण नावाची सही केली, नेव्हिलने अर्ध्या. ओडवारने तबकडी तान्ह्या मुलासारखी परत ठेवली.

"फार सुंदर," तो म्हणाला. "फार म्हणजे फारच."

सरांनी पन्नास वर्षं जपून ठेवलेला प्रश्न विचारला. "तबकडीवर ऐकताना तुम्हाला कुठला भाग सगळ्यांत आवडतो? बगळा ना?"

ओडवार गोंधळला. "तबकडीवर? ती मी वाजवत नाही. सुई लावली की चरे पडतात. माझ्या तिन्ही प्रती कोऱ्या आहेत. आमच्याकडे कोणीच वाजवत नाही." मग अदबीने त्याने विचारलं, "हे नेहमी एवढं लांब असतं का?"

नेव्हिल इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. थोड्या वेळाने सरही हसले. म्हणजे निदान नेव्हिल तरी तसं सांगतो.

संध्याकाळी ऑर्गन घरी आणायची वेळ झाली. राल्फ मेंढ्यांकडे गेला होता. नेव्हिलने एका तुकड्याची एक मूठ धरली आणि थांबून राहिला. सर हातमोजे घालायला लागले.

"बोटं कुठल्या संग्रहालयाला देणारेस का?" नेव्हिल म्हणाला. "उचल."

सरांनी उचलला. तुकडा जड होता. फारच जड होता. रोझलिंडबाई दार धरून उभ्या होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ऑर्गन आता खालच्या खोलीत आहे, जोडलेला आहे, आणि कुंड्या परत आल्या आहेत. व्हिट्स्टेबलहून दर गुरुवारी एकजण कालवं घेऊन येतो, तेव्हा कुंड्या जमिनीवर असतात.

वरचं भोक मात्र बुजवता येत नाही. खांब दिसू लागल्यापासून ते भोकही यादीत गेलं आहे. त्यातून हल्ली वटवाघळं आत येतात, आणि वटवाघळांना हलवणं इंग्लंडात गुन्हा आहे.

ऑगस्टच्या अखेरीस बर्गेनहून दोन ओळींची ईमेल आली. ओडवारने कळवलं होतं की आठवण कायम राहील, पण सह्यांमुळे ती प्रत आता कोऱ्या प्रतींत धरली जात नाही.